कुणाच्याही कामी न येणारा पाऊण तास

चि. —स,
अनेक आशीर्वाद.

इस्पितळात गंभीर आजारी पेशंटजवळ राहणाऱ्या नातेवाइकांसाठी तू केलेला आर्ट थेरपीचा, म्हणजे चित्रांतून मन हलकं करण्याच्या उपचाराचा, आराखडा नीट वाचला. आठ आठवडे, दर आठवड्याला दीड तास, पहिल्या सत्रात मंडल, म्हणजे वर्तुळातली नक्षी, दुसऱ्यात 'भावनांचं झाड', सातव्यात पेशंटसाठी भेटकार्ड आणि समारोपाला प्रदर्शन. मेहनत दिसते. पण ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं आहेस, त्यांच्या गळ्यात तू आणखी एक काम अडकवलं आहेस.

घरातलं माणूस गंभीर आजारी असलं की त्याच्याजवळचं माणूस चोवीस तास कुणाच्या तरी कामी येत असतं. गोळ्यांच्या वेळा, कूस बदलणं, रिपोर्टांची फाइल, डॉक्टर राउंडला कधी येतात त्याकडे डोळे, आणि नातेवाइकांचे फोन, ज्यात तेच ते सगळ्यांना नव्याने सांगायचं. रात्री आडवं झालं तरी कान जागेच. अशा माणसाला तुझ्या खोलीत बोलावून पेशंटसाठी कार्ड करायला बसवलंस, तर खोली बदलली, ड्यूटी तीच राहिली. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं त्याच्याच पोटात येतं: तुझ्याकडे घालवलेला वेळ कुणाच्याही कामी न येणारा असला पाहिजे. त्यातून सुंदर काही निघायला नको, पेशंटला बरं वाटायला नको, संस्थेच्या अहवालात फोटो जायला नको.

हे म्हणायला सोपं आहे, पण लोक तुला ते करू देणार नाहीत. मुद्दाम राखलेली जागासुद्धा ते पेशंटला देऊन टाकतात. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, पत्नीच्या आजारपणाचं दुसरं वर्ष चालू होतं. आले की टेबलावरच्या पेन्सिलींना टोकं काढत बसायचे. डब्यातल्या सगळ्या, एकेक करून, कचरा कागदावर गोळा करत. चित्र काढा असं मी म्हटलं नाही, टोकं काढू नका असंही म्हटलं नाही. मग एका खेपेला मी डबा बाजूला ठेवला आणि कोळशाच्या कांड्या काढल्या. कोळशाला टोक काढायची गरज नसते. ते जरा गोंधळले, कांडी आडवी धरून पाहिली, आणि मग अख्खा कागद या कडेपासून त्या कडेपर्यंत काळा करून टाकला. काही बोलले नाहीत. दुसरा कागद मागितला. जाताना बेसिनपाशी बराच वेळ हात धूत होते, नखांच्या कडासुद्धा, कारण वॉर्डात परत जायचं होतं.

आता तू विचारशील, त्या काळ्या कागदाचा अर्थ काय? मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत असायची गरज नाही. काळा म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, कोपऱ्यातलं छोटं घर म्हणजे असुरक्षितता, असली कोष्टकं फिरत असतात. ती घरीच ठेवून ये. केअरगिव्हरला, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्या माणसाला, दिवसभर दुसऱ्यांनी काढलेल्या अर्थांवर जगावं लागतं: स्कॅनचा अर्थ, डॉक्टरांच्या चेहऱ्याचा अर्थ, आज जेवण कमी गेलं त्याचा अर्थ. तुझ्याकडेही त्याच्या चित्राचा रिपोर्ट निघायला लागला तर तो पुन्हा येणार नाही. 'हे काय आहे?' असंही विचारू नकोस. 'हे काढताना हात कुठे अडला?', 'अजून काही घालायचं आहे की झालं?', 'याचं काय करायचं, ठेवायचं की फाडायचं?' असं विचार. शेवटच्या प्रश्नाला लोक दचकतात. फाडायची परवानगी असू शकते हे त्यांच्या ध्यानीमनी नसतं.

तुझ्या आराखड्याचा साचा पेशंटच्या कामातून आला आहे, त्यात तुझा दोष नाही. या उपचाराचा उगमच तिथला. एड्रियन हिल हे इंग्लिश चित्रकार १९३८मध्ये क्षयामुळे सॅनेटोरियममध्ये पडून होते. तिथे स्वतःचा वेळ जावा म्हणून चित्रं काढता काढता ते इतर रुग्णांनाही त्यात ओढू लागले आणि १९४२मध्ये त्यांनीच या कामाला आर्ट थेरपी असं नाव दिलं. म्हणजे आपली पुष्कळशी तंत्रं खाटेवरच्या माणसासाठी घडली. खाटेवरच्या माणसाकडे वेळ असतो, शक्ती नसते. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं उलटं आहे. शक्ती तो कुठून तरी ओढून आणतो, वेळ मात्र त्याचा नसतो. जो असतो तोही कुठल्याही क्षणी मोडू शकतो.

म्हणून दीड तास काढून टाक. पाऊण तास पुष्कळ झाला. त्यातही सत्र कुठेही थांबलं तरी अर्धवट वाटू नये अशी रचना कर. पंधराव्या मिनिटाला फोन आला आणि बाई उठून गेली, तरी तिच्या हातून काहीतरी पूर्ण झालेलं असावं. पोस्टकार्डाएवढे कागद ठेव. मोठा कागद कोरा राहिला की तोही एक ठपका वाटतो. फोन बंद ठेवा असं चुकूनही सांगू नकोस. फोन समोर, स्क्रीन वर, आवाज चालू. तो दिसत असेल तरच हात मोकळा होतो. आठ आठवड्यांची साखळीही नको. दर वेळी नवा माणूस आला तरी चालेल अशी उघडी बैठक ठेव. या आठवड्यात आलेला पुढच्या आठवड्यात कुठे असेल हे त्यालाच ठाऊक नसतं.

साहित्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण तुझ्या यादीत ते सगळं एका रांगेत आहे आणि खरं काम तिथेच होतं. सँड्रा केगिन आणि विया लुसेब्रिंक या आर्ट थेरपिस्टांनी १९७८मध्ये मांडलेली, माणूस कलेतून कसकसा व्यक्त होतो याची चौकट तू अभ्यासात वाचली असशील. त्यातून निघालेली एक गोष्ट रोज उपयोगी पडते: प्रत्येक साहित्य हाताला वेगवेगळा विरोध करतं. पेन्सिल, स्केचपेन, कात्री आणि कात्रणं ताब्यात राहतात. ओल्या कागदावरचा जलरंग किंवा बोटांनी लावायचा रंग सुटतो, पसरतो, भलतीकडे जातो. ज्याच्या आयुष्यातलं सगळंच हातातून सुटत चाललंय, त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी वाहता रंग ठेवलास तर तो घाबरा होईल, किंवा असा रडेल की सावरायला वेळ पुरणार नाही आणि त्याला तसंच वॉर्डात जावं लागेल. दुसरीकडे, महिनोन्महिने मिलिलिटरमध्ये आणि तासांच्या हिशेबात जगणारी एखादी मुलगी तोच रंग वाहताना बघून पहिल्यांदा खांदे खाली सोडते. कुणाला काय, हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे टेबलावर दोन्ही टोकांचं साहित्य ठेव आणि कोणता हात कुठे जातो ते बघ. मुद्दा आहे निवडीचा. त्या दिवसभरात त्या माणसाने स्वतःसाठी केलेली ती पहिली निवड असण्याची शक्यता फार मोठी.

पहिल्या भेटीला मी बहुधा कात्रणं ठेवते. 'मला चित्र येत नाही' हे वाक्य तिथेच मिटतं, चित्र आधीच कुणीतरी काढलेलं असतं. मासिकांतले तुकडे आधीच फाडून खोक्यात ठेव, अख्खं मासिक दिलंस की लोक वाचत बसतात. तुकड्यांमध्ये हसणारी कुटुंबं आणि सूर्यास्त कमी ठेव. दारं, रस्ते, भांडी, कापड, यंत्रांचे भाग, पाणी असं ठेव.

यादीतून काय काढायचं तेही सांगते. उग्र वासाचे मार्कर काढ. वास कपड्यांना चिकटून खाटेपर्यंत जातो आणि केमो चालू असलेल्या पेशंटला मळमळतं. मग त्याचं खापर बाई स्वतःवर फोडून घेते. चमकी काढ, ती अंगाला लागली की सुटत नाही. वाळलेली पानं-फुलं नकोतच. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णाच्या आसपास बुरशीचा धोका परवडत नाही. ओली माती मला स्वतःला फार प्रिय, पण एकच गोळा आज याच्या आणि उद्या त्याच्या हातात दिला तर तो स्वच्छ राहत नाही, ठेवला की बुरशीही धरतो. द्यायचीच असेल तर प्रत्येकाला वेगळी आणि नवी. आणि खोलीत किंवा खोलीबाहेर लगेच बेसिन हवं, हे व्यवस्थापनाकडून लेखी घे.

व्यवस्थापन विचारेल, पेशंट सोडून नातेवाइकांवर खर्च कशाला? त्यासाठी दोन आकडे जवळ ठेव. १९९९मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतला मृत्यूचा धोका, शुश्रूषेचा भार नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. १९९५मध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांच्या गटाने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या हातावर छोटी, सारख्या मापाची जखम करून पाहिली होती. ती भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. ताण मनात असतो असं म्हणणाऱ्यांना हा दुसरा अभ्यास आवर्जून सांग.

चित्रांनी हा ताण किती हलका होतो, याबद्दल मात्र छाती ठोकून बोलू नकोस. सँड्रा वॉल्श आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये कॅन्सर रुग्णांच्या घरच्या ४० जणांबरोबर काम केलं, तेव्हा आधीच्या तुलनेत नंतर ताण आणि चिंता कमी आढळली. गिरिजा कैमल यांच्या २०१६च्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं मनाला येईल ते घडवलं आणि सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. आधी चित्रकलेचा अनुभव होता की नव्हता याने फरक पडला नाही, हे तुझ्या कामाचं. पण ती निरोगी माणसं होती आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यांच्याच गटाने पुढे रेडिएशन विभागातल्या केअरगिव्हरांबरोबर काम केलं, तेव्हा नुसतं छापील आकृत्या रंगवणाऱ्यांनाही बरं वाटलं होतं. तेव्हा रंगवायच्या वह्यांना नाक मुरडू नकोस. रात्रभर जागलेल्या माणसाला ठरलेल्या रेषांच्या आत रंग भरत बसणं कधी कधी नेमकं हवं असतं. एवढंच की तुझा पगार त्या वहीसाठी नाही, वही बाजूला सरकवून तो माणूस बोलायला लागेल त्या वेळेसाठी आहे.

आणि तो काय बोलेल? एक गोष्ट बोलेल जी घरात कुणालाच सांगता येत नाही. माणूस गेल्यावर 'सुटला बिचारा' म्हणायला सगळ्यांना परवानगी असते. तो जिवंत असताना, त्याचे पाय चेपत असताना, 'सुटावं एकदाचं, त्यानेही आणि मीही' असं मनात आलं, तर ते बाहेर काढायला जागा नसते. चित्रात हे येतं. एका मुलीने खाट काढली होती, खाटेवर कुणीच नव्हतं, चादर मात्र नीट घातलेली. तिने ते माझ्यासमोर पालथं घातलं. अशा वेळी 'असं वाटणं स्वाभाविक आहे' असं पटकन म्हणून मोकळं होऊ नकोस. ते पाठ केलेलं वाटतं. थांब. कागद पालथा राहू दे. तिलाच विचार, हा इथे माझ्याकडे राहू दे का?

म्हणून प्रदर्शन रद्द. चित्र ज्याचं त्याचं, आणि पेशंटच्या नजरेला पडू नये असं चित्र तुझ्या कुलपात. प्रत्येकाची वेगळी फाइल, वर नाव नको, त्याने निवडलेली एखादी खूण चालेल. कॉरिडॉरमध्ये लावायला 'दोन-चार छान चित्रं' मागायला कुणीतरी नक्की येईल, बहुधा चांगल्या मनाने. तेव्हा नाही म्हणायचं, आणि कारण म्हणून माझं नाव सांगायचं. चित्र भिंतीवर जाणार हे एकदा कळलं की पुढचं प्रत्येक चित्र भिंतीसाठी काढलं जातं.

काही गोष्टी रंगांच्या आवाक्यातल्या नाहीत. कुणी स्वतःचं काही बरंवाईट करायचं बोललं, पेशंटवर हात उगारला गेल्याचं सांगितलं, किंवा कित्येक रात्री डोळा लागलेला नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना आणि तुझ्या सुपरवायझरला कळवायचं. गुप्ततेची ही मर्यादा पहिल्या भेटीतच सांगून ठेव, म्हणजे नंतर विश्वासघात वाटणार नाही.

आराखड्यात एक रकाना मला कुठेच सापडला नाही. ती बाई तुझ्या खोलीत असेल तेव्हा पेशंटजवळ कोण बसणार? त्याचं उत्तर नसेल तर येऊ शकणारी माणसं तीच असतील ज्यांच्या घरात आधीच चार जण मदतीला आहेत, आणि ज्याला खरी गरज आहे तो एकटा माणूस खुर्चीतून उठणारच नाही. वाईट म्हणजे, सोबतीचा माणूस देण्याऐवजी रंगपेटी देऊन संस्था मोकळी होईल आणि आपणही त्यात सामील होऊ. तेव्हा आधी समाजसेवा विभागाशी बोल, पाऊण तास खाटेजवळ बसणारा प्रशिक्षित स्वयंसेवक किंवा नर्सिंगचा माणूस कोण, कुठल्या वारी, हे नावानिशी ठरव. ते ठरल्याशिवाय पहिल्या बैठकीची तारीख लावू नकोस. सुधारलेला आराखडा पाठव, साहित्याची यादी वेगळ्या पानावर.

कळावे.