काजूच्या बागेत कृत्रिम परागीकरण केल्याने उत्पन्न वाढतं का? ब्लोअरने परागकण मारता येतात का?

ब्लोअर विसरा. तो अक्रोड-पिस्त्याला चालतो, कारण त्यांचे परागकण मुळातच वाऱ्यावर उडणारे. काजूचे चिकट असतात, ते किड्याच्या अंगालाच लागून जायला पाहिजेत. आणि हाताने करायचं म्हणाल तर वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नवीन जात काढायला करतात तसं, वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशाच संकरातून आल्या, पण 4 एकर बागेला कोण करणार?

मी करून बघितलंय म्हणून सांगतो. आमच्याकडे मी सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या, 6 पेट्या आणल्या होत्या, ऐन मोहरात, आणि दादाने सकाळी 8 वाजता ढेकण्यासाठी (पालवी-मोहराचा रस शोषणारी कीड) औषध मारलं, मला न सांगता. संध्याकाळी पेट्यांच्या दारात मेलेल्या माश्यांचा सडा. मी बोललो तर म्हणे, "काजूक माशी कशाक व्हयी, मुंगळे करतत सगळा." ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही.

पुढच्या वर्षी दोन झाडांवर 20 मोहरांना मच्छरदाणीच्या पिशव्या बांधल्या, गाठ देठाकडे मुद्दाम सैल, मुंगळ्यांना आत जायला वाट राहावी म्हणून. त्यातल्या 10 मोहरांत रोज सकाळी ताजं उमललेलं नर फूल खुडून द्विलिंगी फुलाला टेकवत बसलो. एका मोहरात शेकडो फुलं, बरीचशी नर, बी धरणार फक्त द्विलिंगीला, आणि ती रोज थोडी थोडी उमलणार, त्यामुळे 10 मोहरांत अख्खी सकाळ जायची. हाताने केलेल्या मोहरांत बारीक बी भरपूर धरली, पण निम्म्याहून जास्त पुढे गळाली, झाडाला पेलतील तेवढीच राहिली. नुसत्या बांधलेल्या 10 मध्ये मिळून 2 बिया. मुंगळे आत फिरताना मी डोळ्यांनी बघितले, तरी दोनच! उघड्या मोहरांत त्याच झाडावर व्यवस्थित धरलं होतं. आता कोणी मला मुंगळ्यांचं सांगू नये.

तेव्हा पेट्या ठेवा, बागेत रानफुलं राहू द्या, आणि फुलं उमललेली असताना सकाळचं औषध मारू नका. औषध बंद करा असं मात्र म्हणत नाही हां, ढेकण्या अख्खा मोहर करपवतो. पालवीची फवारणी वेळेवर घ्या, मोहरातली फुलं उमलायच्या आधी घ्या, त्यानंतर लागलीच तर माश्या पेटीत परतल्यावर संध्याकाळी, पेटीचं दार बंद करून. आणि माझा प्रयोग दोनच झाडांवरचा, एकाच वर्षाचा आहे, तुमची गळ खत-पाण्यामुळे असेल तर पेट्या ठेवून काही होणार नाही.

पेट्या आणायच्या आधी घरात जो पंप मारतो त्याच्याशी आणि शेजारच्या बागवाल्याशी फवारणीचे दिवस ठरवून घ्या. माझ्या 6 पेट्या तेवढ्यानेच गेल्या.