सीएनसी मशिनला फाइल संथ जाते, पिंग मात्र नीट येतो: पोर्टचा वेग पक्का करावा का?

शिरोली एमआयडीसीतील आपल्या कारखान्यात नवा मॅनेज्ड स्विच (यंत्रे नेटवर्कला जोडणारे, प्रत्येक पोर्टची सेटिंग बदलता येणारे उपकरण) बसवल्यापासून सीएनसी मशिनला प्रोग्रॅमची फाइल पोहोचायला फार वेळ लागतो, पिंग (जोडणी तपासणारे छोटे पॅकेट आणि त्याचे उत्तर) मात्र व्यवस्थित येतो, आणि मशिनचे नेटवर्क कार्ड १०० एमबीपीएस फुल ड्युप्लेक्सवर (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे; हाफ ड्युप्लेक्समध्ये एका वेळी एकच) पक्के केलेले आहे, असे आपण लिहिले आहे. एवढ्यावरून माझा पहिला संशय केबलवर नाही; दोन टोकांचे ड्युप्लेक्स जुळत नसावे.

१९९५ च्या ८०२.३यू या इथरनेट मानकाने आलेल्या ऑटोनिगोशिएशनमध्ये दोन्ही टोके आपापली क्षमता एकमेकांना कळवतात आणि त्यांतील सर्वोत्तम समान पर्याय निवडतात. कार्डाचा वेग हाताने पक्का केला की सहसा ते ही माहिती पाठवणेच थांबवते. मग ऑटोवर असलेला स्विच येणाऱ्या सिग्नलच्या स्वरूपावरून वेग १०० असल्याचे ओळखतो, परंतु ड्युप्लेक्स ओळखण्याचा मार्ग त्याच्याकडे नसल्याने तो मानकाप्रमाणे हाफ ड्युप्लेक्स धरतो. मशिन फुल ड्युप्लेक्सवर असल्यामुळे ते स्विच पाठवत असतानाही पाठवते. स्विचला ती टक्कर वाटते आणि तो आपली फ्रेम, म्हणजे पाठवत असलेला डेटाचा तुकडा, अर्धवट तोडतो. पिंगचे पॅकेट एकामागून एक ये-जा करत असल्याने हा दोष त्यात दिसत नाही, पण फाइल जाताना एका दिशेने डेटा आणि उलट दिशेने त्याच्या पोचपावत्या एकाच वेळी धावतात आणि तिथे सगळे अडते.

उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये याच तक्रारीसाठी मी दोनदा केबल बदलली होती, आणि पोर्टचे काउंटर (चुका मोजणारे आकडे) त्यानंतर पाहिले. तो क्रम आपण उलटा ठेवावा. स्विचच्या पोर्टवर लेट कोलिजन, म्हणजे फ्रेमचे पहिले ६४ बाइट गेल्यानंतरची टक्कर, वाढत असेल आणि मशिनच्या बाजूला सीआरसी एरर, म्हणजे बिघडून पोहोचलेल्या फ्रेम, दिसत असतील, तर निदान पक्के समजावे.

उपाय म्हणून मशिनचे कार्ड ऑटोवर आणावे. कंट्रोलरमध्ये ती सोय नसेल तरच स्विचचा तेवढा एक पोर्ट १०० फुलवर पक्का करावा आणि त्या पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये कारण लिहून ठेवावे, कारण उद्या तिथे दुसरे यंत्र जोडणाऱ्याला हे कळण्याचा अन्य मार्ग नसतो. काही स्विचमध्ये ऑटो बंद होताच ऑटो-एमडीआयएक्सही (पाठवण्याच्या आणि घेण्याच्या तारा आपोआप जुळवणारी सोय) बंद होते. लिंकच आली नाही तर क्रॉस केबल (त्या तारा अदलाबदल करून जोडलेली) लावून पाहावी. इतर पोर्टना मात्र हात लावू नये: तांब्याच्या केबलवरील गिगाबिटमध्ये कोणत्या टोकाचे घड्याळ मुख्य हेही ऑटोनिगोशिएशनच ठरवते, त्यामुळे तिथे ते अनिवार्य आहे.

बदलानंतर काउंटर शून्य करून एक मोठी फाइल पाठवावी. लेट कोलिजन थांबूनही सीआरसी एरर वाढतच राहिले, तर मग केबल तपासावी, विशेषतः ती स्पिंडल मोटरच्या पॉवर केबलला लागून ओढलेली असल्यास.