घरी यूएसबी ऑडिओ इंटरफेस लावून लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करतो, पण गाताना हेडफोनमध्ये माझाच आवाज उशिरा येतो. लॅपटॉप बदलावा का?

नको, बदलू नका. यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारा डबा, तुमच्याकडे आहेच, तेव्हा आधी त्याच्यावरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण शोधा. ते चालू केलं की तुमचा आवाज माइकमधून इंटरफेसमार्गे थेट हेडफोनमध्ये येतो, संगणकात जाऊन परत येत नाही. मात्र रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं इनपुट मॉनिटरिंग (येणारा आवाज परत ऐकवण्याची सोय) बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल.

उशीर होतो तो बफरमुळे. संगणक आवाजाची सॅम्पल्स (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं) एकेक करून हाताळत नाही, गठ्ठा जमला की पुढे ढकलतो; हा गठ्ठा म्हणजेच बफर. सेकंदाला ४८,००० च्या सॅम्पल रेटला ५१२ चा गठ्ठा जमायला १०.७ मिलिसेकंद लागतात. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, म्हणजे २१ च्या वर. कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) आणि यूएसबीचा वेळ वेगळा. बफर १२८ केला तर हेच दोन्ही मिळून साडेपाचच्या आत येतं.

हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. त्यामुळे दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्पीकर साडेतीन मीटरवर असल्यासारखं. गिटारवाले एवढं सहज चालवून घेतात. गाणाऱ्याचं तसं नाही. स्वतःचा आवाज हाडांतून कानाला लगेच पोहोचतो आणि हेडफोनमधला त्यात मिसळतो. उशीर जाणवण्याइतका नसला तरी आवाज पोकळ, पातळ लागतो, आणि गाणारा नकळत जोर लावायला लागतो. म्हणून गायकासाठी मी डायरेक्ट मॉनिटरिंगचाच आग्रह धरतो.

कोरड्या आवाजात गाणं जड जात असेल तर सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा परिणाम) हेडफोनमध्ये सोडा, मूळ आवाज नाही. रिव्हर्ब दहा-पंधरा मिलिसेकंद मागून आला तर काही बिघडत नाही, खोली थोडी मोठी वाटते इतकंच.

मिडी कीबोर्डवर हार्मोनियम वाजवायची असेल तर मात्र डायरेक्ट मॉनिटरचा उपयोग नाही; तो आवाज संगणकातच तयार होतो. तिथे बफर १२८ किंवा ६४ ठेवा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिरात आवाज नेणारा ड्रायव्हर) घाला. एएसआयओफोरऑल हा कंपनीचा ड्रायव्हर नसेल तेव्हाचा पर्याय. आवाज तडतडला तर बफर एक पायरी वाढवा. मिक्सिंगला बसाल तेव्हा १०२४ ठेवला तरी चालतो.

बफर कमी करूनही उशीर राहिला तर मास्टरवरचे, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनेलवरचे, प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्राम) बघा. लुकअहेड लिमिटर (पुढचा आवाज आधी बघून पातळी आवरणारा) आणि लिनिअर फेज इक्यू (एक प्रकारचा इक्वलायझर) स्वतःचा वेळ घेतात, रेकॉर्डिंगपुरते ते बंद ठेवा. ब्लूटूथ हेडफोन तर वापरूच नका, त्यांचा उशीर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या पुढे असतो.

आणि रेकॉर्ड झालेला आवाजच ठेक्याच्या मागे पडत असेल, तर इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटला केबल जोडून मेट्रोनोमची टिकटिक रेकॉर्ड करा. ती जितकी सॅम्पल्स मागे दिसेल, तेवढा आकडा सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये (रेकॉर्डिंग मागेपुढे सरकवण्याच्या सेटिंगमध्ये) भरा.