वॉर्डातली दादागिरी: आधी वेळ आणि जागा शोध

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

किशोरवयीन मुलांच्या मनोरुग्ण वॉर्डात कामाला नवीन असताना तुला पडलेला प्रश्न रास्त आहे: आपण समोर असूनही मुलं एकमेकांना छळतात, मग ते दिसत कसं नाही? शाळेत छळ झालेलं मूल निदान संध्याकाळी घरी जातं. इथे रात्रीही तोच कॉरिडॉर, तीच माणसं. ‘मुलांमध्ये चालायचंच’ हे म्हणून भागत नाही ते त्यामुळेच.

कोण छळतं ते नंतर पाहू. कधी आणि कुठे छळतं, ते आधी शोध. हँडओव्हर म्हणजे शिफ्ट बदलताना पुढच्यांना माहिती देण्याची वेळ, गोळ्यांची रांग, बाथरूमबाहेरचा कोपरा, रात्रीच्या जेवणानंतरचा रिकामा वेळ. या वेळी आपण सगळे कागदांत नाहीतर ट्रॉलीपाशी अडकलेले असतो. दर पंधरा मिनिटांनी फेरी असेल, तर ते घड्याळ मुलांना तोंडपाठ असतं. मग कधी नवव्या मिनिटाला जा, कधी तेराव्या. पंधराच्या पुढे मात्र कधीच नको. हँडओव्हर चालू असताना एक जण मुलांमध्ये बसलेला हवाच. आठवडाभर प्रत्येक प्रसंगाची वेळ, जागा, आधी काय झालं आणि नंतर काय, एवढं लिही. नकाशा आपोआप उमटतो.

इथला छळ शाळेतल्यासारखा दिसत नाही. उपचारांच्या ग्रुपमध्ये रडत सांगितलेली गोष्ट रात्री टोमणा होऊन परत येते. खाण्याच्या आजाराशी झगडणाऱ्या मुलीच्या ताटाकडे बघून कोणी नुसतं ‘बापरे, एवढं?’ म्हणतं आणि तिचा घास तिथेच थांबतो. हातावरचे व्रण बघून ‘बस, एवढंच?’ असं हिणवणं किंवा गोळी गालात लपवून आणून द्यायला लावणं, हा तर थेट जिवाशी खेळ आहे. हे कळलं की शिफ्ट संपेपर्यंत थांबू नकोस. इन्चार्जला त्याच क्षणी सांग.

शाळेतल्या दादागिरीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: दुखावण्याचा हेतू, वारंवारता आणि ताकदीतला फरक. शाळेत त्या उपयोगी आहेत. वॉर्डात मात्र मुक्काम थोडा असतो, त्यामुळे ‘पुन्हा होऊ दे, मग बघू’ म्हणायला सवडच नसते. हेतूचंही तसंच. उन्मादाच्या भरात कोणी वाटेल ते बोलून जातं. त्यावर उपाय वेगळा, पण ऐकणाऱ्याला लागलं ते लागलंच.

प्रसंग समोर घडला तर छोट्या, थंड वाक्यात थांबव: ‘हे इथे चालत नाही.’ तिथे उलटतपासणी नको, प्रेक्षक जमतात. दोघांना वेगळं कर आणि ज्याला त्रास झाला त्याच्याशी आधी बोल. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस. स्वतःला इजा करावीशी वाटते का, मरावंसं वाटतं का, हे सरळ विचार. विचारल्याने ते मनात शिरत नाही. नोंदीत ‘वाद झाला’ असं लिहू नकोस, बोललेले शब्द जसेच्या तसे लिही.

दोघांना समोरासमोर बसवून माफी मागायला लावणं ही आपली आवडती चूक. ताकद सारखी नसते तिथे हा समेट दुबळ्याला महागात पडतो, रात्री दिवे मालवले की वसुली होते. दुसरी चूक म्हणजे त्रास झालेल्याचीच खोली बदलणं. त्याला ती शिक्षा वाटते. तिसरी, सगळ्यांचा टीव्ही बंद करणं. मग राग तक्रार करणाऱ्यावर निघतो.

छळणाऱ्याशीही बोल, पण एकट्यात. पुष्कळदा तोही कुठेतरी मार खाल्लेला असतो. छळणारा आणि छळला जाणारा एकच असेल, तर त्याची काळजी जास्त घ्यायची. आणि हो, आपल्यापैकी कोणी एखाद्या मुलाला ‘नाटकी’ म्हटलं, की ते नाव संध्याकाळपर्यंत वॉर्डभर होतं.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी एक गोष्ट नक्की विचार: इथल्या कोणाकोणाकडे तुझा नंबर आहे? आणि त्यातला कोणता ब्लॉक करायचा, ते मुलासोबत बसूनच ठरव.