एप्रिलात टोरोंटोला गोल्फ?

प्रश्न : मी रत्नागिरीचा, एप्रिलमध्ये लेकाकडे टोरोंटोला चाललोय, तिथे गोल्फ खेळता येईल का? – एक वाचक

उत्तर : येईल की, पण सकाळी लवकरची वेळ घेऊ नका काका, गवतावर दव गोठलेलं असलं तर ते वितळेपर्यंत कोर्सवर सोडतच नाहीत, कारण गोठलेलं पातं पायाखाली मोडतं नि मागाहून तिथे तपकिरी पावलं उमटतात. दुपार बरी. बर्फ विरघळून जमीन इतकी भिजलेली असते की बॉल लावणीच्या चिखलात रुतावा तसा रुततो, फेअरवेवर, म्हणजे बारीक कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर, रुतला तर पेनल्टीशिवाय उचलून, पुसून ड्रॉप करता येतो, म्हणजे हातातून जवळच खाली सोडता येतो, गोल्फचा नियम 16.3 बघा. थंडीत बॉल कमी जातो, म्हणून एक क्लब मोठा घ्या, म्हणजे बॉल जास्त लांब नेणारी काठी. आणि मोज्यांचे जादा जोड न्याच, आपल्याकडे लागत नाहीत म्हणून विसरायला होतं!