रात्रीतून घट्ट होणारे इंधन

प्रश्न : आमच्या भट्टीसाठी फर्नेस ऑइलमध्ये वजनाने निम्मी दगडी कोळशाची भुकटी कालवली. दिवसभर पंप सुरळीत चालला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओढेचना. तेल तेच आणि कोळसाही तोच असताना दाटपणा कसा बदलला?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नुसत्या तेलाचा दाटपणा, म्हणजे श्यानता, ठरावीक तापमानाला साधारण एकच असते; तुमच्या मिश्रणाची मात्र तशी नसते. कोळशाची घनता १.४ आणि तेलाची ०.९५ धरली, तर वजनाने निम्मा असलेला कोळसा आकारमानाने सुमारे ४० टक्के भरतो. इतक्या दाटीत कण एकमेकांना चिकटून सैलसर जाळे विणतात. ढवळताना किंवा पंपातून जाताना ते तुटते, त्यामुळे मिश्रण पातळ वाटते. स्थिर राहिले की ते हळूहळू पुन्हा जुळते आणि ठरावीक जोर लावल्याखेरीज मिश्रण हलतच नाही. त्यातच नागपुरातली डिसेंबरची पहाट असेल, तर थंडीने तेलही घट्ट झालेले असते.

अर्थात दुसरीही शक्यता आहे. ती पडताळण्यासाठी टाकीत लोखंडी सळई सरळ खाली सोडा. वरपासून तळापर्यंत दह्यासारखा सारखाच विरोध जाणवला आणि थोडे ढवळताच तो ओसरला, तर हे जाळ्याचेच काम. वर नितळ तेल, सळई अलगद खाली जाते आणि तळाशी कडक थरावर ठक्क आपटते, असे असेल तर कोळसा खाली बसला आहे. अशा वेळी पंपावर जोर टाकू नका.

गंमत अशी की, जे जाळे सकाळी पंप अडवते, तेच कोळशाला तळाशी जाऊ देत नाही. म्हणून ते पार मोडण्याच्या नादी लागू नये. मिश्रण न ढवळता टाकीला सतत आच दिली, तर तेल पातळ होऊन कण उलट लवकर बसतात. त्यापेक्षा मिश्रण मंद गतीने फिरते ठेवावे आणि पंपाकडे जाणारी नळी गरम करावी. भुकटीतल्या ओलाव्याकडेही लक्ष असू द्या, कारण थोडेसे पाणीही कणांना जखडून दाटपणा वाढवते. सगळी भुकटी एकाच मापाची नसली तर उत्तम. मोठ्या कणांमधल्या फटीत बारीक कण बसतात आणि तेवढ्याच कोळशात मिश्रण अधिक वाहते राहते.

प्रयोगशाळेच्या अहवालात श्यानतेचा एकच आकडा असेल, तर तो कोणत्या तापमानाला आणि मोजणारे यंत्र मिनिटाला किती फेऱ्यांनी फिरवून मोजला हे आधी विचारा.