घाम कशाचा, हे यंत्र सांगत नाही : पॉलिग्राफविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : खोटं बोललं की यंत्राला लगेच कळतं का?

नाही. पॉलिग्राफला ‘खोटं पकडणारं यंत्र’ म्हणतात, पण खोटं मोजणारा एकही सेन्सर त्यात नसतो. श्वासासाठी छाती आणि पोटाभोवती दोन नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, घाम टिपायला बोटांना लावलेल्या दोन पट्ट्या आणि बहुतेकदा हालचाल पकडणारी खुर्चीतली गादी. प्रश्न आधीच वाचून दाखवतात. उत्तर फक्त हो किंवा नाही. मग वीसेक सेकंद थांबून पुढचा प्रश्न. हाच संच साधारण तीनदा फिरवतात.

निकाल तुलनेवर लागतो. ‘कपाटातले पैसे तुम्ही घेतलेत का?’ या प्रश्नाला आलेखात आलेली उसळी ‘आजवर कधी कुणाला फसवलंत का?’ या प्रश्नापेक्षा मोठी असली, तर माणूस खोटा धरतात. गोम इथेच आहे. ज्याच्यावर आळ आलाय, त्याला कपाटाचं नाव काढताच घाम फुटतो. पैसे घेतले असोत वा नसोत.

प्रश्न : चाचणी ‘८०-९० टक्के अचूक’ असते म्हणतात. एवढं पुरेसं नाही का?

चाचणी कुणाची घेताय, त्यावर आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ च्या अहवालात एक काल्पनिक हिशेब मांडला. १०,००० कर्मचारी, त्यांत १० हेर. दहापैकी आठ हेर सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवली, तर एकूण १,६०६ जण नापास होतात. त्यांतले १,५९८ निर्दोष! निकष सैल केला की निर्दोष सुटतात, पण हेरही सुटतात. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेतला ऑल्ड्रिच एम्स सोव्हिएत संघाला माहिती विकत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्यांतून पार पडला होता.

प्रश्न : पोलिस भावाची चाचणी घेऊ म्हणतात. नकार देता येतो का?

येतो. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की संमतीशिवाय पॉलिग्राफ, नार्को (औषधाने गुंगीत नेऊन केलेली चौकशी) किंवा ब्रेन मॅपिंग (मेंदूतल्या लहरींची नोंद) करता येणार नाही. संमती पोलिस ठाण्यातल्या कागदावर नव्हे, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची. सोबत वकील हवा. प्रत्यक्ष चाचणीची नोंद स्वतंत्र यंत्रणेने, वकिलाच्या उपस्थितीत करायची. संमती दिली तरी नुसता निकाल पुरावा ठरत नाही. मात्र चाचणीतून कळलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर ती न्यायालयात येऊ शकते. सही करण्याआधी भावाला हे नीट समजावून सांगाच. घाईत दिलेली संमती महागात पडते.

प्रश्न : याहून बरी पद्धत नाही का?

आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकेन यांनी १९५९ मध्ये मांडलेली आणि जपानचे पोलिस वापरतात ती. ‘तू केलंस का?’ हे विचारायचंच नाही. चोरलेले दागिने कशात गुंडाळले होते? टॉवेल, रुमाल, वर्तमानपत्र, अभ्रा, ओढणी? निर्दोष माणसाला सगळे सारखेच; चोराचा आलेख मात्र खऱ्या पर्यायाला उसळतो. अशा पाच प्रश्नांत दर वेळी नेमक्या खऱ्या पर्यायालाच सर्वांत मोठी उसळी निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता ३,१२५ त एक. पण तो तपशील बातम्यांत फुटला, की चाचणी बाद. आणि यादीच्या सुरुवातीला न मोजण्याचा एक जादा पर्याय ठेवावा लागतो, कारण पहिल्या शब्दाला कुणाचंही अंग दचकतं.